बीसीडी घ्यायच्या आधी कमरेचं शिसं मोजा

प्रश्न : मी डोंबिवलीची. वय ३४, उंची ५ फूट १ इंच, वजन ५४ किलो. दोन वर्षांपूर्वी अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर ओपन वॉटर (स्कुबा डाइव्हिंगचा पहिला कोर्स) केलं, आतापर्यंत २६ डाइव्ह झाल्या. वर्षातून एकदा अंदमान आणि दिवाळी ते मे या काळात दोन-तीनदा मालवण, असं माझं चालतं. भाड्याची बीसीडी (पाठीला सिलिंडर धरणारं, हवा भरून तरंगणं सांभाळणारं जाकीट) पाण्यावर आलं की कानापर्यंत चढते, सिलिंडर डोक्याला लागतो आणि पाण्याखाली माझं सतत वर-खाली होत राहतं. ३ मिलिमीटरचा पूर्ण सूट घालते, सेंटरवाले ७ किलो वजन देतात. आता स्वतःची बीसीडी घ्यायचं ठरवलंय. एक मित्र त्याची मीडियम साइजची जॅकेट बीसीडी १८ हजारांत द्यायला तयार आहे, तिची लिफ्ट, म्हणजे पूर्ण फुगल्यावर तरंगवून धरण्याची ताकद, २० किलो आहे. ग्रुपमधले बाकीचे म्हणतात, घ्यायचीच तर विंग (फक्त पाठीमागे फुगणारी) घे. काय करू?

उत्तर : मित्राची बीसीडी घेऊ नका. कारण पुढे सांगतोच, पण आधी तुमच्या तीन तक्रारी सुट्या करू. त्या तिन्हींची मुळं वेगवेगळी आहेत आणि त्यातल्या एकीचंच औषध नवी बीसीडी हे आहे.

सर्वात मोठी तक्रार वर-खाली होण्याची. तिचं मूळ बीसीडीत नसून तुमच्या कमरेला लावलेल्या ७ किलो शिशात असण्याची शक्यता जास्त. हिशेब करून बघा. तुमच्या मापाचा ३ मिलिमीटरचा सूट पाण्यावर साधारण दीड ते दोन किलोने तरंगतो. आपल्याकडे सगळीकडे मिळणारा ११.१ लिटरचा अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर भरलेला असताना जेमतेम बुडतो, पण रिकामा होत आला की पावणेदोन-दोन किलोने वर ओढतो. बीसीडीचं पॅडिंग स्वतः तरंगतं, त्याचे अर्धा-एक किलो धरा. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र) जड असतो, तो किलोभर खाली ओढतो. शरीर थोडं तरंगणारं असेल तर आणखी अर्धा किलो. गोळाबेरीज ४ किलोच्या आसपास येते. वरचे ३ किलो तुम्ही कशासाठी वाहताय?

सेंटरवाल्यांचा त्यात दोष फारसा नाही. नवशिक्या माणूस पहिल्या मिनिटाला घाबरून छाती भरून श्वास घेतो आणि खाली जातच नाही, म्हणून ते दोन-तीन किलो जास्तच देतात. २६ डाइव्ह झाल्यावर मात्र ते कमी करून घेणं तुमच्या हातात आहे.

त्या ३ किलोंची किंमत पाण्याखाली अशी मोजावी लागते. जास्तीचे ३ किलो पेलायला बीसीडीत कायम ३ लिटर हवा ठेवावी लागते. १० मीटरवर दाब २ बार असतो, ५ मीटरवर दीड बार. म्हणजे १० मीटरवरची ३ लिटर हवा तुम्ही नुसत्या ५ मीटर वर आलात की ४ लिटर होते आणि तुम्हाला किलोभर जोराने आणखी वर ओढते. तुम्ही घाबरून हवा सोडता, ती गरजेपेक्षा जास्त सुटते, खाली जाता, पुन्हा बटण दाबता. झालं, झोका सुरू. वजन बरोबर असलेल्या माणसाच्या बीसीडीत डाइव्हच्या मध्यावर लिटर-दोन लिटरच हवा असते. तिचं फुगणं श्वासावर सांभाळता येतं.

म्हणून खरेदीच्या आधी पुढच्या डाइव्हला एवढं करा. डाइव्ह संपताना सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले असताना ५ मीटरवरच्या सुरक्षेच्या थांब्यावर बीसीडी पूर्ण रिकामी करा आणि हात-पाय न हलवता शांत श्वास घ्या. जागच्या जागी राहिलात तर वजन बरोबर. बुडायला लागलात तर शिसं जास्त आहे. जवळ तरंगणाऱ्या गाइडच्या हातात एकेक किलो देत जा आणि तोल कुठे जमतो ते बघा. गाइडला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो बिचारा तुम्ही अडचणीत आहात असं समजेल. वर यायला लागलात तर मात्र शिसं कमी पडतंय, तेव्हा दोर धरून थांबा पूर्ण करा. हाच तपास भरलेल्या सिलिंडरवर करायचा असेल तर पाण्यावर बीसीडी रिकामी करून नेहमीचा श्वास धरा. पाणी डोळ्यांशी आलं पाहिजे आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूहळू खाली गेलं पाहिजे. तिथे जो आकडा मिळेल त्यात २ किलो मिळवा. ११.१ लिटरच्या सिलिंडरमधली हवा २०० बारला अडीच किलोहून जास्त भरते आणि ५० बारपर्यंत येताना त्यातली २ किलो तुम्ही फुंकून टाकलेली असते. हा तपास स्विमिंग पूलमध्ये केलात तर समुद्रासाठी आणखी वजन लागेल. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. तुम्ही आणि सामान मिळून ऐंशी किलो धरले तर ही वाढ २ किलोंची.

दुसरी तक्रार डोक्याला लागणाऱ्या सिलिंडरची. हिच्यावर एक पैसाही खर्च होत नाही. सिलिंडरचा पट्टा टाकीवर फार खाली बांधला की टाकी वर सरकते. पट्टा वर घ्या, म्हणजे टाकी खाली येईल. व्हॉल्व्ह मानेच्या खालच्या टोकाशी यायला हवा आणि मान मागे टाकली तर डोकं रेग्युलेटरला टेकू नये. पट्टा बांधण्याआधी तो पूर्ण भिजवा. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं. कोरडा आवळलेला पट्टा पाण्यात गेल्यावर पाचव्या मिनिटाला ढिला होतो आणि टाकी घसरते. बांधून झालं की बीसीडीच्या मागच्या कडीला धरून सगळा जुगाड उचला आणि झटका द्या. टाकी हलली तर पुन्हा बांधा.

आता कानापर्यंत चढणारी बीसीडी. ही तक्रार खरोखर बीसीडीची, आणि त्यातही फक्त मापाची आहे. पाण्यावर फुगलेली बीसीडी वर जाऊ पाहते, तुमचं शरीर खाली लोंबतं. दोघांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच, कमरेची पकड. मीडियम जॅकेटचा कमरपट्टा तुम्ही शेवटपर्यंत ओढला तरी पातळ सूटवर तो सैलच राहत असणार. त्यात धड आखूड असलं की जॅकेटची खालची कड आधीच मांड्यांवर आलेली असते. मग फुगल्यावर ते जाणार कुठे? वरच. मित्राची बीसीडी घेऊ नका म्हटलं ते यासाठी. मापात न बसणारी बीसीडी फुकट मिळाली तरी महाग आहे.

आणि त्या २० किलो लिफ्टचं काय करणार तुम्ही? लिफ्टचा आकडा मोठा तितकी बीसीडी सुरक्षित, असा समज सर्रास आढळतो. २८-२९ अंशांच्या पाण्यात तो उलटा पडतो. तुमच्या बीसीडीला कामं तीनच आहेत. एक, डाइव्हच्या सुरुवातीला सिलिंडरमधल्या हवेचं वजन पेलणं, ते दोन-अडीच किलो. दोन, खोलावर दबून तरंगण्याची ताकद गमावलेल्या सूटची भरपाई. ती सगळीच गेली असं धरलं तरी दोन किलो. तीन, पाण्यावर तुमचं डोकं बाहेर ठेवणं, त्याला चारेक किलो. पहिलं आणि तिसरं काम पाण्यावर एकत्र येतं, पहिलं आणि दुसरं खोलावर. कुठेही बेरीज सात किलोंच्या पुढे जात नाही.

आणखी एक कसोटी आपल्या किनाऱ्यावर महत्त्वाची आहे. मालवणच्या छोट्या फायबर बोटीवर चढण्याआधी पाण्यातच बीसीडी काढून खलाशाच्या हातात द्यावी लागते. तेव्हा भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर आणि खिशातलं शिसं घेऊन ती एकटी तरंगली पाहिजे. एखादी डाइव्ह सुरू होताच सोडावी लागली तर सिलिंडर भरलेलाच असतो, हे विसरू नका. ४ किलो शिसं खिशात असलं तरी हा भार सहा किलोंपर्यंत जातो. म्हणजे १० ते १३ किलो लिफ्ट तुम्हाला ऐसपैस पुरते. बीसीडीच्या आतल्या लेबलवर हा आकडा अनेकदा न्यूटनमध्ये छापलेला असतो, १०० न्यूटन म्हणजे सुमारे १० किलो. त्याच लेबलवर ईएन १८०९ हे युरोपीय मानक दिसतं का तेही पाहा. लिफ्ट मापाप्रमाणे बदलते. त्याच मॉडेलच्या एक्स्ट्रा स्मॉलला कमी, लार्जला जास्त. जाहिरातीतला आकडा बहुधा मोठ्या मापाचा असतो.

गरजेपेक्षा मोठी पिशवी नुसती निरुपयोगी नसते, ती त्रास देते. अर्धी रिकामी पिशवी घड्या पाडते, त्या घड्यांत हवा अडकते आणि तुम्ही डंपची (हवा सोडायच्या व्हॉल्व्हची) दोरी ओढली तरी ती बाहेर पडत नाही. वर येताना नेमकी तीच हवा फुगते. शिवाय तेवढं कापड पाण्यातून ओढत पोहायचं ते वेगळंच.

आता जॅकेट की विंग. जॅकेटची हवा कुशीत आणि पोटाभोवती असते, त्यामुळे पाण्यावर ते तुम्हाला खुर्चीत बसवल्यासारखं उभं ठेवतं. शिकाऊंसाठी सेंटरं तेच घेतात आणि ते बरोबरच आहे. पण पूर्ण फुगलं की ते छाती आवळतं, आणि पाण्याखाली तुमचे पाय लोंबते ठेवतं. मालवणच्या तळाशी गाळ असतो. लोंबत्या पायांच्या दोन फटकाऱ्यांत मागच्या माणसाला काही दिसेनासं होतं. हॅवलॉकला त्याच पायांतल्या फिन (पोहण्याचे वल्हे) प्रवाळावर आपटतात. विंगची, किंवा पाठीमागे फुगणाऱ्या कोणत्याही बीसीडीची, हवा सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना राहते आणि शरीर आडवं राहणं सोपं जातं. तिचा एक खोडसाळपणा असतो. पाण्यावर ती पूर्ण फुगवली तर तोंडावर ढकलते. उपाय साधा आहे. हनुवटी बाहेर राहील एवढीच फुगवा, पाय थोडे पुढे घेऊन मागे रेला, आणि किलो-दोन किलो शिसं सिलिंडरच्या पट्ट्यावरच्या खिशांत मागे टाका. दोन डाइव्हमध्ये अंगवळणी पडतं.

तुमच्यासाठी आमचं मत पाठीमागे फुगणाऱ्याच्या बाजूने आहे. त्यातही दोन वाटा आहेत. पहिली, बायकांच्या मापाची हलकी ट्रॅव्हल बीसीडी, एक्स्ट्रा स्मॉल किंवा स्मॉल. हिचं कोरडं वजन दोन ते पावणेतीन किलो असतं, भरगच्च जॅकेटचं साडेतीन-चार. पोर्ट ब्लेअरच्या विमानात १५ किलोंची बॅग असते तेव्हा हा किलो-सव्वा किलोचा फरक जाणवतो. बायकांच्या कटमध्ये खांद्याचे पट्टे छातीच्या बाहेरून वळतात आणि धडाची लांबी कमी असते. तुम्हाला दोन्ही हवं आहे.

दुसरी वाट म्हणजे प्लेट आणि विंग. पाठीला धातूची पाटी, तिच्यातून ओवलेला एकच लांब पट्टा, दोन मांड्यांमधून जाणारा क्रॉच स्ट्रॅप आणि मागे ११ ते १३ किलोंची विंग. क्रॉच स्ट्रॅप असला की बीसीडी कानाशी चढायचा प्रश्नच संपतो. पट्टा तुमच्या मापाला एकदा बसवला की बसवला, वजन वाढलं-घटलं तरी सरकवता येतो. फक्त दोन गोष्टी बघा. नेहमीची पाटी साधारण ३८ सेंटिमीटर लांब असते आणि ५ फूट १ इंचाच्या माणसाच्या कमरेखाली टोचते, म्हणून आखूड पाटी किंवा कापडी पाटी मागा. आणि पाटी अ‍ॅल्युमिनियमची घ्या, ती किलोभराची. स्टीलची अडीच-पावणेतीन किलोंची असते. तुम्हाला मुळात चारच किलो लागणार, तेव्हा स्टीलच्या पाटीने त्यातलं निम्म्याहून जास्त शिसं वाचतं हे खरं, पण ते विमानात तुमच्या बॅगेतून जाणार. शिसं बेटावर फुकट मिळतं.

स्वतः पट्टे मापात बसवत बसण्याची हौस असेल तर दुसरी वाट, नसेल तर पहिली. दोन्हीत तुमचं भलं आहे. ‘विंगच घे’ म्हणणाऱ्यांशी भांडायची गरज नाही. त्यांना फक्त विचारा, लिफ्ट किती किलोंची. तेवीस-पंचवीस सांगितली तर ती ते थंड पाण्याच्या जाड सूटसाठीची किंवा दोन सिलिंडरांची सांगताहेत.

वजनाचे खिसे असलेली बीसीडी घ्यावी का? चार किलोंसाठी साधा रबरी किंवा नायलॉनचा पट्टा पुरतो आणि बोटीवर चढताना तो वेगळा वर देता येतो, खलाशाची पाठ वाचते. खिसे हवेच असतील तर नुसत्या वेल्क्रोवर टांगलेले घेऊ नका. वाळू आणि मीठ खाऊन वेल्क्रो मरतं. खोलावर एक खिसा निसटला की २ किलो एका झटक्यात जातात आणि तुम्ही वर फेकल्या जाता. क्लिपने ‘टक्’ करून बसणारे खिसे बघा. दुकानात त्यात वजन भरून बीसीडी उलटी धरा आणि जोरात झटका. आपल्याकडच्या सेंटरवर शिशाचे एक आणि दोन किलोंचे ठोकळे असतात, दोन किलोंचा ठोकळा त्या खिशात शिरतो का तेही बघून घ्या.

दुकानात जाताना सूट बॅगेत घाला. तो अंगात घालून बीसीडी चढवा, सिलिंडर लावायला सांगा आणि पिशवी इतकी फुगवा की जास्तीची हवा व्हॉल्व्हमधून फुसकन बाहेर पडेल. या अवस्थेत पोटभर श्वास घेता आला पाहिजे. मग कुणाला तरी मागून सिलिंडरच्या मुठीला धरून वर ओढायला सांगा. दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर माप चुकलं. कमरपट्टा आवळून झाल्यावर आणखी ओढायला जागा उरलेली हवी, कारण एखाद दिवशी तुम्ही नुसत्या रॅशगार्डवर (पोहण्याच्या पातळ टी-शर्टवर) डाइव्ह कराल. शेवटी डोळे मिटा आणि इन्फ्लेटर (बीसीडीत हवा भरायची-सोडायची बटणं असलेली नळी), उजव्या खांद्याची डंपची दोरी, पाठीमागे कुल्ल्यापाशी असलेली डंपची दोरी, तिन्ही हाताने शोधा. खालची दोरी नसलेली बीसीडी आम्ही घेणार नाही. डोकं खाली असताना हवा सोडायची ती एकमेव जागा आहे.

इन्फ्लेटर साधा, प्रमाणित जोडाचा घ्या. काही बीसीडींत इन्फ्लेटरमध्येच पर्यायी रेग्युलेटर बसवलेला असतो. एक होज (हवेची नळी) वाचते, पण तिचा जोड वेगळा, सर्व्हिस वेगळी, आणि जोडीदाराची हवा संपली तर तुम्हाला तोंडातला रेग्युलेटर त्याला देऊन स्वतः इन्फ्लेटरला तोंड लावत वर यावं लागतं. शिवाय त्याच हातातून त्याच वेळी हवाही सोडायची. तुमच्या अनुभवाला ही कसरत नको.

जुनी पण तुमच्या मापाची कुठे मिळालीच तर ती संध्याकाळी टच्च फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी किंचित मऊ झालेली चालेल, कारण रात्री हवा गार होते. चुरगळलेली असेल तर सोडा. टबात बुडवून शिवणींवर, व्हॉल्व्हपाशी आणि इन्फ्लेटरच्या नळीच्या दोन्ही टोकांना बुडबुडे शोधा. रिकामी करून कानाशी हलवा. आत साखरेसारखं खुळखुळलं तर ते मिठाचे खडे आहेत. ते पिशवीला आतून घासतात आणि इन्फ्लेटरमध्ये अडकतात.

इन्फ्लेटर अडकला की बीसीडी आपणहून फुगत राहते. तेव्हा बटणाशी झगडू नका. एका हाताने होजचा जोड मागे खेचून सोडवा, दुसऱ्या हाताने डंपची दोरी ओढा. ही हालचाल नव्या बीसीडीवर कोरड्यात वीस वेळा आणि पूलमध्ये ओल्या बोटांनी दहा वेळा करा. काही जोड ओल्या हातात साबणासारखे निसटतात, ते खरेदीच्या वेळीच कळलेलं बरं. आणि पहिल्या समुद्री डाइव्हला वजनाचा तपास पुन्हा करा. नव्या बीसीडीचं पॅडिंग वेगळं, आकडा बदलणार. तो लॉगबुकात सूट, सिलिंडर आणि पाणी यांच्यासह लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी सेंटरवाल्याने सात म्हटलं की तुम्हाला आकडा दाखवता येईल.

मालवणचा हंगाम मेअखेर संपला की बीसीडी ऑक्टोबरपर्यंत पडून राहते. आपल्या पावसाळ्यात तेवढ्यात बुरशी धरते. इन्फ्लेटरच्या तोंडातून नळाचं पाणी एक तृतीयांश भरा, पिशवी सगळीकडून हिंदकळा, उलटी करून त्याच तोंडातून आणि खालच्या डंपमधून पाणी काढा. दोन वेळा. खांद्यावर टांगून सावलीत वाळवा, उन्हात नको. मग अर्धी फुगवून कपाटाबाहेर लटकवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात गुंडाळू नका. सप्टेंबरअखेर एकदा टच्च फुगवून रात्रभर ठेवा आणि इन्फ्लेटर सर्व्हिसला द्यायचा असेल तर तेव्हाच द्या, दिवाळीच्या तोंडावर सगळेच देतात.